दगडातली कविता आणि तिचा मूळ खर्डा

६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो नागपुरात आला, सिव्हिल लाइन्समधल्या नव्या हायकोर्टाचं दार उघडलं आणि या इमारतीला दगडातली कविता म्हणून गेला. तेव्हापासून हे वाक्य चालू आहे. वकील बोलतात, पेपरवाले छापतात, शहराची माहिती सांगणारा कुणीही त्याच्याशिवाय पुढं सरकत नाही. कविता कोणाची, कोणासाठी, आणि ती वाचायला कोणाला येते, हे मात्र कुणी विचारत नाही. आता कविता म्हटली म्हणजे ती आपल्या खात्यात आली, मित्रांनो. कवितेची समीक्षा होते. साहेबानं वाखाणली असली तरी होते.

मी सूतगिरणीत रिंग खात्यावर तीन पाळ्यांत काम करतो. वास्तुशास्त्र शिकलो नाही. कवितेचं शास्त्रही मला कोणी शिकवलं नाही, तरी कविता करतोच. तेव्हा दगडाबद्दल बोलायला कोणाची परवानगी मागत बसत नाही.

आधी आकृती बघू. इमारत काढली हेन्री मेड नावाच्या इंग्रजानं. नवी दिल्ली बांधताना लट्यन्स आणि बेकर यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. दिल्लीतली दोन मोठी गिरजाघरं त्याचीच. नागपुरात पायाचा दगड ९ जानेवारी १९३७ ला गव्हर्नर सर हाइड गोवन यानं बसवला. बाहेरून माप चारशे फूट बाय दोनशे तीस फूट, दोन मजले, मधोमध चौक आणि चौकात बगीचा. बाकी इमारत ५२ फूट, आणि मधला घुमट जमिनीपासून १०९ फूट, म्हणजे दुपटीहून वर. खर्च ७,३७,७४६ रुपये. बाहेरून घडीव वाळूचा दगड, आतून वीट. लोक दगडाची तारीफ करतात, भार बराचसा वीट उचलते. (आता यावर कविता लिहू नका कोणी. फार सोपी होईल.)

इमारत चांगली आहे, हे मी नाकबूल करत नाही. आपल्यातले काही दोस्त साहेबाचं ते सगळंच वाईट म्हणून मोकळे होतात. तो आळस आहे. मे महिन्यात नागपूरचं ऊन डोक्यावर असताना त्या व्हरांड्यात उभं राहा, मग कळते या माणसाला सावली समजत होती. जाड भिंती, खोल ओवऱ्या, मधला चौक, यांनी हवा फिरती राहते. दगडाचा रंग सकाळी वेगळा, दिवस मावळताना वेगळा. डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींच्या तोलात आहेत. तराजूची दोन पारडी सारखी असावीत तशी. दगडात तरी ती सारखी आहेत, एवढं श्रेय मेडला द्यायलाच पायजे.

पण कविता कोणत्या सालची हेही पाहावं लागते. १९३९ च्या सप्टेंबरात याच लिनलिथगोनं हिंदुस्थानला न विचारता हिंदुस्थान लढाईत उतरल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात मध्यप्रांत-वऱ्हाडचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं आणि प्रांत गव्हर्नरच्या हातात आला. म्हणजे न्यायाच्या या घराचं उद्‍घाटन झालं तेव्हा प्रांतात लोकांनी निवडलेलं सरकारच नव्हतं. हा झाला मूळ खर्डा. त्यात मध्यभागी राजाचा घुमट आहे आणि पक्षकार म्हणजे व्हरांड्यातली सावली.

हे सारं उकरून काढायचं कारण की अलीकडे 'वारसा' हा शब्द फार चलनात आला आहे. जुनी कचेरी असो की जुनं कोर्ट, तिला मूळ रूप परत द्या, मूळ नकाशाप्रमाणं करा, मधे जे चिकटलं ते काढून टाका, ही मागणी सगळीकडे आहे. आपल्याकडच्या वारसा नियमावलीत पहिल्या श्रेणीच्या इमारतीला बाहेरून-आतून हातच लावायचा नाही, लावायचा तर फक्त तिचं आयुष्य वाढवायला, असं आहे. मुंबईचं हायकोर्ट २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक यादीतल्या इमारतींत आहे. तिकडं अमेरिकेत टेक्सास राज्यात १९९९ पासून सरकारी योजनाच आहे, जिल्ह्याजिल्ह्याची जुनी कोर्टं मूळ नकाशाबरहुकूम पुन्हा उभी करायची. चांगली योजना आहे, पैसा आहे, कारागीर आहेत. पण त्याच टेक्सासमधल्या एलिस परगण्याच्या जुन्या कोर्टात तळघराच्या भिंतीवर 'नीग्रो' अशी जुन्या दिवसांतली अक्षरं होती, इतिहास म्हणून राखलेली. २०२० साली तिथल्या एका काळ्या निवडून आलेल्या अधिकाऱ्याला ऑफिसची जागा दिली ती नेमकी त्या अक्षरांखाली. डॅलसमध्येही सरकारी कचेरीतल्या पाण्याच्या नळावरचा पत्रा २००३ मध्ये गळून पडला आणि मागं 'फक्त गोरे' ही पाटी निघाली. तिथं ती पुसली नाही. तिच्याजवळ खुलासा लावून ती ठेवली. दोन्हीकडं जुनी अक्षरं तीच. एकीकडं ती साक्ष देतात, दुसरीकडं हुकूम देतात. पाण्याच्या नळावरची पाटी काय असते हे महाडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

दगडाच्या कामाबद्दल म्हणाल तर मी पूर्ण जतनवाल्यांच्या बाजूनं आहे, आणि कारण साधं आहे. वाळूचा दगड पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा सांधा त्याला ते सोडू देतो. सिमेंट सोडू देत नाही. जुन्या दगडाच्या भेगेत कंत्राटदारानं सिमेंट थापलं की ओल आत अडकते, क्षार वर येऊन पांढरे फुलतात, मग दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. म्हणजे दुरुस्तीच खाऊन टाकते दगडाला. त्याच्यावर रंगाचा हात मारला की मग विचारूच नका. चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात, बिलं तर मार्चच्या आत काढायची असतात. म्हणून सिमेंट. सरकारी इमारतींची ही गोष्ट सगळ्या गावांत सारखीच आहे. यात जतनवाले जे बोलतात ते खरं आहे, आणि ते बोलणं आधी वडारांना, पाथरवटांना, बेलदारांना माहीत होतं. मेडचं नाव राहिलं, गव्हर्नरचं राहिलं, व्हाइसरॉयचं वाक्यसुद्धा राहिलं. छिन्नी धरणाऱ्याचं नाव कुठं आहे? मूळ रूप परत देणार असाल तर त्याच्यापासून सुरुवात करता येईल.

एका ठिकाणी मात्र दगड घडवणाऱ्यानं स्वतःच सही करून ठेवली आहे. मुंबईच्या फोर्टातलं हायकोर्ट १८७१ ते १८७८ या काळात कर्नल फुलर यानं बांधलं. वर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. पण खाली खांबांच्या नक्षीत एक माकड आहे, हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी. आणि वकिलाच्या पेहरावात कोल्हा आहे. सांगतात की कोर्टात हरलेल्या एका कंत्राटदारानं असा राग काढला. गोष्ट खरी असेल नसेल, माकड खरं आहे. सुप्रीम कोर्टातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीची पट्टी २०२४ मध्ये निघाली, तलवारीच्या जागी हातात संविधान आलं. मुंबईच्या माकडानं दीडशे वर्षांपासून एक डोळा उघडाच ठेवला आहे. माझ्या मते त्या इमारतीतली सगळ्यात चांगली ओळ तीच, आणि मूळ रूपाच्या नावाखाली कोणी तिला हात लावला तर मी मुंबईला येऊन भांडेन.

आता मूळ या शब्दाकडं येऊ. हा शब्द कोर्टात आपल्याविरुद्ध वापरून झालेला आहे, आणि तिथं तो हरलेला आहे. हे आपल्या पोरांनी तोंडपाठ करावं म्हणून जरा तपशिलात सांगतो.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, एवढं आपल्याला लहानपणापासून माहीत. पुढचं कमी जणांना माहीत. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा महाडच्या स्पृश्यांनी १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. म्हणणं असं की तळं आमचं, आणि अस्पृश्यांनी त्याला शिवायचं नाही ही वहिवाट अनादिकाळापासूनची आहे. १४ तारखेला मनाई हुकूम मिळाला. २५ डिसेंबरला हजारो माणसं महाडात जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला, पाणी घेण्याचा कार्यक्रम थांबवला आणि मनुस्मृती जाळली. त्यावर कोर्टाची मनाई नव्हती. पुढं फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. ते ठाण्याला अपिलात गेले, १९३३ मध्ये तिथंही हरले. मग मुंबई हायकोर्टात. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. दहा वर्षं तीन दिवस कमी, एवढा वेळ ओंजळभर पाण्याला लागला. नागपूरच्या हायकोर्टाच्या पायाचा दगड बसून तेव्हा दोन महिने झाले होते.

निकालाचा गाभा काय? वहिवाट अनादि आहे म्हणता, तर सिद्ध करा. आणि ते सिद्ध झालं नाही. तळं नगरपालिकेचं निघालं आणि अनादिकाळ कागदावर दाखवता आला नाही. म्हणजे सनातन, पुरातन, मूळ, असलं म्हणणारे जेव्हा पहिल्यांदा नीट उलटतपासणीत सापडले तेव्हा त्यांच्या मूळचं मूळच हाती लागलं नाही. म्हणून कोणी म्हटलं की या वास्तूला मूळ रूप द्यायचं आहे, तर आपला पहिला प्रश्न ब्रूमफिल्डचाच: कोणतं मूळ? कोणत्या सालचं? दाखवा.

मुंबई हायकोर्टात टिळकांच्या खटल्याची पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी लावलेली. १८७८ च्या नकाशात ती पाटी कुठून असणार? तरी ती काढा असं कोणी जतनवाला म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग हीच समज बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी का संपते? २६ जानेवारी २०२२ ला कर्नाटकात रायचूरच्या जिल्हा कोर्टात ध्वजवंदनाआधी बाबासाहेबांची तसबीर हलवली गेल्यावरून रान पेटलं. मग तिथल्या हायकोर्टाला हुकूम काढावा लागला की कार्यक्रमात तसबीर ठेवा. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, मद्रास हायकोर्टाच्या प्रशासनानं परिपत्रक काढलं की कोर्टांत फक्त गांधी आणि तिरुवळ्ळुवर. पुन्हा आरडाओरड, पुन्हा खुलासा. आणि तिकडं जयपूरला हायकोर्टाच्या आवारात १९८९ पासून मनू उभा आहे. काढायचा ठराव त्याच वर्षी न्यायमूर्तींनीच केला होता, पण त्याला स्थगिती मिळाली. २०१८ मध्ये औरंगाबादच्या आपल्या दोन बाया तिथवर जाऊन त्याच्यावर काळं फासून आल्या. म्हणजे लक्षात घ्या: मनूसुद्धा मूळ नकाशातला नाही, मागून घुसवलेला आहे. तरी त्याला काढायला गेलं की तो एकाएकी वारसा होतो.

म्हणून जुनं ते सोनं, हे खोटं. आणि मागून आलं ते आपलं, हेही खोटं.

मग आपली कसोटी कोणती? ती मला पुस्तकात सापडली नाही, दिल्लीच्या एका काचेत सापडली. सुप्रीम कोर्टाची इमारत गणेश भिकाजी देवळालीकरांनी काढली, आपल्याच भाषेचा माणूस. ती १९५८ मध्ये उघडली. तिच्या पुढच्या व्हरांड्यात २०२४ मध्ये काचेच्या भिंती बसवल्या, एसी करायला. अडीच कोटींच्या वर खर्च. वकील बोंबलले की चालायला जागा उरली नाही, गर्दी तुंबते, आणि इमारतीचं रूप गेलं. २०२५ मध्ये भूषण गवई सरन्यायाधीश झाले आणि जूनमध्ये त्या काचा निघाल्या. व्हरांडा पुन्हा मूळ नकाशासारखा मोकळा झाला. ही खरी मूळ रूपाची दुरुस्ती, माझी तिला शंभर टक्के दाद. पण त्याच इमारतीच्या आवारात २६ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंच्या हस्ते बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. वकिलाचा गाऊन, हातात संविधान. देवळालीकरांच्या नकाशात तो नव्हता. काच गेली ते बरं झालं आणि पुतळा आला तेही बरं झालं, ही दोन्ही वाक्यं मी एका दमात बोलतो आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. एकानं वाट अडवली होती, दुसऱ्यानं वाट कोणी काढली ते सांगितलं.

आणि आपण स्वतः काय केलं? १ जुलै २०२४ आठवा. दीक्षाभूमीवर जमिनीखाली पार्किंगचं खोदकाम चाललं होतं. स्तूपाला धोका आहे म्हणून हजारो माणसं जमली आणि काम बंद पाडलं. त्याच दिवशी सरकारला स्थगिती जाहीर करावी लागली. तेव्हा आपण काय म्हणत होतो? शिवदानमल यांनी काढलेला स्तूप आहे तसा राहू द्या, १९५६ ची ती भूमी आहे तशी मोकळी राहू द्या. म्हणजे मूळ रचनेसाठी रस्त्यावर उतरलेले लोक आपणच. फरक एवढाच की त्या मोकळ्या जागेत लाखो माणसं पाय ठेवतात, आणि तिचं मूळ कोणत्या तारखेचं हे लहान पोरही सांगते: १४ ऑक्टोबर १९५६.

त्याच्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली. नागपूरचं हायकोर्ट संपलं, त्याचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं आणि आपल्या दगडी कवितेवर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाची पाटी चढली. आता सांगा, मूळ कोणतं? १९३६ चं, जेव्हा नागपूर हायकोर्ट स्थापन झालं पण हा घुमट नव्हता? ज्या इमारतीला अजून जुनं हायकोर्ट म्हणतात तिथं पुरातत्त्व खात्याची कचेरी बसते. १९४० चं, व्हाइसरॉयवालं? की २६ जानेवारी १९५० चं, ज्या दिवशी या दगडाला एकही टाका न मारता आतला सगळा अर्थ बदलायचा होता? वास्तुशास्त्राच्या पुस्तकात १९५० साली या इमारतीत काही घडल्याची नोंद मिळणार नाही. माझ्या लेखी तिचं बांधकाम त्या दिवशी सुरू झालं, आणि अजून पुरं झालेलं नाही.

कारण आकृतीवर थांबणारा समीक्षक आपल्याला परवडत नाही. आशय बघावा लागतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली: सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. प्रकरण नागपूरला आलं, याच घुमटाखाली. १४ जुलै २०१० ला फाशीची पंचवीस वर्षांची कैद झाली, आणि जातीच्या कारणानं हे घडलं असं सिद्ध होत नाही, हे म्हणणं कायम राहिलं. फाशी रद्द झाली याचं मला दुःख नाही. फाशीनं गावकूस पडत नाही. पण जात नाही म्हणणं? चार प्रेतं आणि त्यात जात नाही? ही ओळ ज्या कवितेत बसते तिच्या घुमटाची उंची एकशे नऊ फूट आहे म्हणून मी काय करू? २०१७ मध्ये भय्यालाल भोतमांगे गेले, नागपुरातच.

आणि या इमारतीपासून फार लांब नाही, जिल्हा कोर्ट. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायांनी तिथं अक्कू यादवला भर कोर्टात संपवलं. तिखट आणि घरातल्या सुऱ्या घेऊन आल्या होत्या. वर्षानुवर्षं त्यानं वस्ती नासवली, बायांची इज्जत लुटली, आणि तक्रारीला कोणी दाद दिली नाही. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. मी त्या दिवसाचा पोवाडा गाणार नाही. कायद्यानं चालणाऱ्या बापाची आपण लेकरं आहोत. पण एवढं वाचा: त्या बायांना कोर्टाचा रस्ता माहीत होता, दारही माहीत होतं, आत जाऊन बोलायचं कसं तेवढं त्या इमारतीनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं. जतनाच्या कोणत्या अहवालात ही भेग नोंदवतात?

जिल्हा कोर्टाला 'न्यायमंदिर' म्हणतात. हा शब्द मला अडखळवतो. मंदिर म्हटलं की आपल्या माणसाला २ मार्च १९३० चं काळाराम आठवते, बंद दार आणि बाहेर पाच वर्षं. ज्या घरात हक्कानं जायचं त्याला मंदिर का म्हणायचं? कचेरी म्हणा, चावडी म्हणा, सरळ कोर्ट म्हणा. ५ नोव्हेंबर २०२५ ला वांद्र्याला मुंबई हायकोर्टाच्या नव्या संकुलाचा पाया घालताना गवई साहेबांनी बजावलं की इमारतीला साम्राज्याचा थाट नको, संविधानातली लोकशाही दिसावी, सात तारांचं हॉटेल नको. साहेब अमरावतीचे, याच नागपूर खंडपीठात वकिली केलेले, दगडाच्या या कवितेत पाय झिजवलेले. त्यांना हे दिसलं, याचा अभिमान आहे. त्याच भाषणात न्यायाचं मंदिर हा शब्दही आला. तेवढा मला घेता आला नाही. मोठ्या माणसाचा मान राखूनही शब्दाचा हिशेब आपण मागतो, ते आपल्याला शिकवलेलंच आहे.

त्याच्या महिनाभर आधी काय झालं तेही मूळ रूपाचंच प्रकरण होतं. खजुराहोच्या जवारी मंदिरात विष्णूची शिर नसलेली मूर्ती आहे. तिला मूळ रूप द्या, अशी याचिका आली. गवई साहेबांच्या पीठानं १६ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली, हे पुरातत्त्व खात्याचं काम आहे म्हणून. त्यावरून आग लावली गेली, आणि ६ ऑक्टोबरला एका वकिलानं भर कोर्टात सरन्यायाधीशावर जोडा फेकायचा प्रयत्न केला, तोंडानं सनातनाचं नाव घेत. फुटक्या दगडाचं मूळ रूप ज्यांना इतकं प्यारं, त्यांना खुर्चीवर बसलेला बौद्ध माणूस मूळ रचनेतला वाटत नसावा.

एक गोष्ट मात्र नागपूरच्या हायकोर्टात १९४० पासून जशीच्या तशी जतन झालेली आहे, एक पैसा खर्च न करता. भाषा. घटनेच्या ३४८ व्या कलमानं हायकोर्टाचं काम इंग्रजीत. खालच्या कोर्टांत मराठी चालते, इथं येऊन थांबते. मला तारखेसाठी एका कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, कामावरून काढल्याच्या प्रकरणात. तिथं निदान माझं नाव घेऊन काय बोलत आहेत ते कळते. उद्या प्रकरण वर गेलं तर माझ्याच पोटाची गोष्ट माझ्यासमोर अर्धा तास चालेल आणि मी घुमट बघत बसेन. निवाड्यांची भाषांतरं आता मराठीत येतात, ठीक आहे, पण ती निकाल लागल्यावर. बार कौन्सिलनं २००६ मध्ये 'माय लॉर्ड'ची सक्ती नाही म्हणून सांगितलं, तरी लॉर्ड अजून गेलेला नाही. दगडाला चुना लावण्याआधी ही गळती काढा म्हणावं.

आणि मूळ नकाशाच्या हट्टात जे पुसलं जाईल त्याची काळजी करा. जुन्या कोर्टांना मागून चिकटलेल्या वस्तू बघा: बाहेरगावच्या बाईला टेकायला सिमेंटचा बाक, पिण्याच्या पाण्याची टाकी, बायांचा संडास, खुर्चीवाल्यासाठी उतरण, अर्ज लिहून देणाऱ्याचं टेबल. दिसायला सगळं बेंगरूळ. पण हीच त्या कवितेतली आपल्या हातची कडवी. बाक दगडाचा करा, चांगल्या कारागिराकडून करा, पण बाक राहिला पायजे. एसीचे डबे, भिंत फोडून नेलेल्या वायरी, सिमेंटचे डाग, साहेबांच्या गाडीसाठी अडवलेली सावली, हे खुशाल काढा.

वांद्र्याचं संकुल उभं राहिलं की फोर्टातल्या जुन्या इमारतीचं काय करायचं हा प्रश्न येणार, आणि तिथं मूळ रूपाची भाषा जोरात सुरू होईल. नागपुरातही होईल. वारसा यादीतली नोंद किंवा नियम बदलायचे तर जाहीर नोटीस निघते, हरकती आणि सूचना मागवतात. नोटीस पेपरच्या आतल्या पानावर, बारीक टायपात असते, आणि आपण ते पान उलटून पुढं जातो. प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयात एका पोरानं ते पान वाचायचं काम घ्यावं. हरकत लेखी द्यायची असते, मुदतीच्या आत. मराठीत चालते.